कन्सेप्ट आर्ट की थ्रीडी मॉडेलिंग?

गेम आर्टमध्ये जायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कन्सेप्ट आर्टच येतं, म्हणजे गेममधली पात्रं आणि जागा कशा दिसतील ते आधी चित्रात ठरवणं. त्याला चित्रकलेचा पाया पक्का लागतो: शरीररचना, प्रकाश, पर्स्पेक्टिव्ह. शिवाय एका पात्राच्या २० छायाकृती काढून त्यातल्या १९ बाजूला ठेवायची तयारी हवी. जागा मात्र मोजक्याच, कारण एका चित्रावरून पुढे अनेक थ्रीडी कलाकार कामाला लागतात.

थ्रीडीत कारागिरी जास्त. साधं लाकडी पिंप घ्या. आधी फळ्यांच्या भेगा, खिळे कोरलेलं लाखो पॉलिगॉनचं (पृष्ठभाग बनवणाऱ्या छोट्या सपाट तुकड्यांचं) मॉडेल करायचं. मग तेच हजारभर पॉलिगॉनमध्ये बसवायचं, यूव्ही उलगडायचे (म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग कागदासारखा सपाट पसरायचा) आणि भेगांचा तपशील नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे सपाट भागावर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, बेक करायचा (उतरवायचा). सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम काढायला संगणकाला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, म्हणून हा खटाटोप. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सुरुवात आजही करता येते.

माझं मत विचाराल तर नोकरीसाठी थ्रीडी धरा, पण रोजचं स्केचिंग सोडू नका. पिंपाचं प्रमाणच चुकलं तर टेक्स्चर, म्हणजे वरून चढवलेलं रंगरूप, ते झाकू शकत नाही. ज्याला चित्र काढल्याशिवाय चैनच पडत नाही, त्यानं मात्र कन्सेप्टच करावं, आणि पोर्टफोलिओत पूर्ण झालेल्या चित्राशेजारी त्या बाजूला ठेवलेल्या १९ छायाकृतीही लावाव्यात.