साकुरासाठी खोली बुक केलीत? चॅटमध्ये आलेली लिंक उघडू नका

एप्रिलमध्ये जपानला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला निघालेल्यांनी, त्यातही शहर सोडून गावाकडे राहणार असाल तर, हे वाचाच. माझे ४१,३१० रुपये गेले आणि परत मिळायची चिन्हं नाहीत.

नागानो प्रांतातल्या इना खोऱ्यात ताकातो आहे. जुन्या किल्ल्याच्या जागेवर सुमारे १,५०० झाडं, फुलं लहान आणि नेहमीच्या साकुरापेक्षा गडद गुलाबी, पलीकडे बर्फाचे डोंगर. ऐन बहर थोडेच दिवस टिकतो, तेवढ्यात गर्दी लोटते आणि खोल्या मोजक्याच. आम्हाला जवळच एका मिन्शुकुमध्ये, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी, दोन खोल्या मिळाल्या. नामांकित बुकिंग साइट, ६८,४०० येन, पैसे पोहोचल्यावर द्यायचे.

पुढचा प्रकार बहुतेकांना ठाऊक असेल. मिन्शुकुचं खातं कुणीतरी हॅक केलं आणि तिथूनच मला मेसेज आला. माझं नाव, तारखा, बुकिंग क्रमांक सगळं अचूक. ‘कार्डाची पडताळणी बाकी आहे, १२ तासांत करा, नाहीतर बुकिंग रद्द होईल. पैसे कापले जाणार नाहीत.’ खाली लिंक. मी ती उघडली, कार्डाची माहिती भरली, ओटीपीही टाकला.

त्याच चॅटमध्ये, जरा वर, मालकीणबाईंनी आधीच लिहून ठेवलं होतं: ‘आमच्याकडे कार्ड चालत नाही, रोख आणा.’ रोख घेणारी बाई कार्डाची पडताळणी कशाला करेल? ते वाक्य मी तेव्हा वाचलं होतं, येन किती न्यायचे त्याचा हिशोबही केला होता. तरी लिंक उघडताना ते डोळ्यांसमोर आलं नाही, याचा संताप अजून जात नाही. ओटीपीच्या एसएमएसमध्ये रक्कमही लिहिलेली होती. पण स्क्रीनच्या वरच्या पट्टीत फक्त सहा आकडे दिसतात, आपण तेवढेच बघून टाकतो. कापलेली रक्कम दिसल्यावरही वाटलं, चला, आगाऊ घेतले असतील. ओटीपी पूर्ण उघडून वाचा, दर वेळी.

मला बावळट म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, मेसेज अनोळखी नंबरवरून आला नव्हता. साइटच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये आला होता. आई-बाबा बरोबर, विमानाची तिकिटं काढलेली, आणि बहराच्या दिवसांत त्या खोऱ्यात दुसरी खोली मिळणं अशक्य. कुणीही घाबरलं असतं.

तिथे पोहोचल्यावर मालकीणबाईंना काहीच माहीत नव्हतं. बिचाऱ्या वाकून वाकून माफी मागत राहिल्या. पण त्यांना पैसे मिळालेच नव्हते, म्हणून ६८,४०० येन पुन्हा रोख मोजले. तैवानहून आलेल्या एका कुटुंबालाही तोच मेसेज गेला होता. म्हणजे साइटला हे आधीच कळायला हवं होतं!

साइट म्हणते, व्यवहार आमच्या प्लॅटफॉर्मबाहेर झाला. अहो, मेसेज कुणाच्या प्लॅटफॉर्मवर आला? बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा. वर ३९,६७२ रुपयांवर १,३८८ रुपये परकीय चलनाचा मार्कअप आणि त्यावर २५० रुपये जीएसटी. चोरीवर कमिशन घेतात आणि तेही परत देत नाहीत. तिथल्या पोलीस चौकीत शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, कार्ड भारतातलं आहे, बँकेशी बोला. इथे पोलीस म्हणाले, गुन्हा जपानमध्ये घडला, तिकडे तक्रार करा. त्यांनी अर्जाची पोच द्यायलाही टाळाटाळ केली. ती पोच भांडून घ्या, तिच्याशिवाय बँकेत कुणी विचारत नाही.

कार्डावरचे परदेशी व्यवहार अ‍ॅपमधून बंद ठेवता येतात, गरजेपुरतेच चालू करा आणि मर्यादा कमी ठेवा. बुकिंगच्या पानावर ‘पैसे पोहोचल्यावर’ असं असेल तर मधल्या कुठल्याही मागणीला पैसे देऊ नका. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करा, पण नंबर मेसेजमधला नको, गावाच्या पर्यटन केंद्राकडून घ्या. जपानी येत नसेल तर कुणाकडून तरी करवून घ्या. चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढा, माझ्या चॅटमधला तो मेसेज नंतर गायब झाला.

पैसे गेलेच तर आधी कार्ड ब्लॉक करा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. बँकेला लेखी कळवा, तेही तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. माझा अर्ज तिथे गेला आहे, त्या १,३८८ आणि २५० रुपयांसकट.