खडे बाजारातल्या फ्रेमवाल्याकडनं काराव्हाज्जोचा प्रिंट

बेळगावात खडे बाजारातल्या एका फ्रेमच्या दुकानातनं काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराच्या, येशू जकातवाल्या मॅथ्यूला शिष्य व्हायला बोलावतो त्या चित्राचा (१५९९-१६००, मूळ रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये) कॅनव्हास प्रिंट करून घेतला आणि काळा रंग असला भारी उतरलाय की मान खाली घालून नाणी मोजणारा पोरगा पण सावलीत स्पष्ट दिसतोय. चित्रात खिडकी आहे पण उजेड तिच्यातनं येतच नाही, तो येतो उजवीकडनं, येशूच्या डोक्यावरनं तिरपा, थेट त्या जकातवाल्यांच्या तोंडावर, म्हणजे उजेड हीच देवाची हाक, आणि येशूचा स्वतःचा चेहरा मात्र अर्धा अंधारात! काच लावू नका, ट्यूबलाइट चमकते. लाकडी पट्टी जरा महाग पडली पण काम चोख.