‘फॅन फिरतोय ना साहेब?’ : कॉन्टेसाच्या इलेक्ट्रिक फॅनमध्ये झालेली फसवणूक

जुनी गाडी घेऊन तिला हॉट रॉड (जास्त ताकदीची, वेगवान गाडी) करायच्या नादात असलेल्या पुण्यातल्या मंडळींसाठी हे लिहितोय. रेडिएटर थंड करणारा, इंजिनाच्या बेल्टवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन बसवायचा विचार असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी एवढं वाचा. गॅरेजचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण फसवलं कसं ते सगळं सांगतो. ही युक्ती कुठल्याही गॅरेजमध्ये चालू शकते.

गाडी कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, म्हणून मूळ इंजिनच ठेवलं आणि त्याच्यावर काम करून घेतलं : सिलिंडर हेड, दोन कार्बोरेटर, धूर बाहेर नेणारा मोकळा हेडर. ताकद वाढली तशी गाडी गरमही व्हायला लागली. जुना पंखा बेल्टवर चालायचा. इंजिनाचा वेग वाढला की त्याचा वाढणार, कमी झाला की कमी होणार. म्हणजे सिग्नलला उभं असताना, जेव्हा वाऱ्याची खरी गरज, तेव्हाच तो सर्वांत हळू फिरणार. इलेक्ट्रिक फॅन मात्र इंजिन आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत किमान वेगावर, असतानाही पूर्ण वेगाने फिरतो. त्यामुळे हा बदल करणं चूक नव्हतं, आजही नाही.

गॅरेजवाल्याने ३८,००० रुपये सांगितले. त्यात १६ इंची नवा इटालियन फॅन, पूर्ण श्राउड (पंखा आणि रेडिएटर यांच्यामधलं आवरण), रिले (पंख्याचा जास्त करंट सांभाळणारा स्विच), टेंपरेचर स्विच आणि डबल कोअर, म्हणजे नळ्यांच्या दोन रांगांचा, ॲल्युमिनियम रेडिएटर. ‘तुमचा जुना तांब्याचा रेडिएटर चोक झालाय, आता रॉडिंग करूनही उपयोग नाही,’ असंही ठासून सांगितलं. (रॉडिंग म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करणं.) बिलावर एकच ओळ : ‘इलेक्ट्रिक फॅन किट, फिटिंगसह’. जुना रेडिएटर परत मागितला तर म्हणाला, ‘भंगारात गेला साहेब, त्याचं काय करणार?’ तांब्या-पितळेच्या जड रेडिएटरला भंगारात किती भाव येतो, हे त्या धंद्यातल्या माणसाला मी काय सांगणार.

गाडी ताब्यात देताना त्याने ट्रायल दिली ती वारजे ते बावधन, बायपासवर. टेंपरेचरचा काटा खालीच. मला बरं वाटलं. ही ट्रायल त्याने मुद्दाम तिथेच दिली, हे नंतर समजलं. गाडी साठच्या पुढे पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. तिथे पंखा नसला तरी चालतं. पंख्याची परीक्षा गर्दीत, गाडी उभी असताना. विद्यापीठ चौकात संध्याकाळच्या गर्दीत अडकलो आणि काटा लाल रेघेकडे सरकायला लागला. बोनेटखालून वाफ. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, साधं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं प्रेशर कॅप दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट त्याच्या बरंच पुढे तग धरतं. त्यामुळे अशा वेळी कॅपला अजिबात हात लावू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

गॅरेजमध्ये परत गेलो. त्याने बोनेट उघडलं, चावी फिरवली आणि पंख्याकडे बोट दाखवलं. ‘फॅन फिरतोय ना साहेब? मग? मॉडिफाय केलेली गाडी आहे, थोडी गरम होणारच. मॉडिफाइड गाडीला वॉरंटी नसते.’

या एका वाक्यावर त्याचा धंदा चालतो. पंखा फिरताना दिसतो, आवाज येतो, आणि गिऱ्हाईक गप्प बसतं. किती वारा ओढतोय हे डोळ्यांना दिसत नाही.

माझा मावसभाऊ भोसरीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. रविवारी तो डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन आला. इंजिन सुरू, पंखा चालू, आणि पंख्याच्या एका वायरीभोवती मीटरचा जबडा. ‘दादा, साडेसात अँपिअर,’ तो म्हणाला. ‘एवढ्या इंजिनाला पुरणारा सोळा इंची पंखा अठरा-वीस तरी घेतोच.’ हिशोब सरळ आहे. साडेसात अँपिअर म्हणजे जेमतेम शंभर वॉट. शंभर वॉटची मोटर अडीचशे वॉटचं काम करणार नाही, स्टिकरवर काहीही छापलेलं असो. खोक्यावरचा हवेचा आकडा बहुतेक वेळा समोर रेडिएटर नसताना मोजलेला असतो, म्हणून त्यावर विसंबू नका. अँपिअर मोजा.

मग त्याने वर्तमानपत्राचं पान ग्रिलसमोर धरलं. मधोमध चिकटलं, कोपऱ्यात नेलं की खाली सरकलं. कारण श्राउड नावाला होता, पंख्याभोवतीची एक रिंग. खरा श्राउड रेडिएटरचा पूर्ण चेहरा झाकतो, म्हणजे वारा सगळ्या कोअरमधून ओढला जातो. आमचा पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातून ओढत होता. पात्यांचा बाकही उलटा. मूळचा रेडिएटरच्या पुढून वारा ढकलणारा पंखा त्याच्या मागे लावून वायरी उलट्या जोडल्या होत्या. वारा योग्य दिशेने येतो खरा, पण उलट्या बाकाची पाती तो नीट ओढत नाहीत. इटालियन स्टिकरची कड नखाने उचलली, तर खाली प्लॅस्टिकवरचा मूळ पार्ट नंबर सॅंडपेपरने घासून काढलेला दिसला.

पण सगळ्यात राग आला तो रिले पाहून. गार्डला स्क्रूने घट्ट बसवलेला, नवा कोरा. काढून बघितला तर ८५ आणि ८६ या पिना रिकाम्या. रिलेची कॉइल या दोन पिनांवर चालते. तिथे वायर नाही म्हणजे तो फक्त दाखवायला लावला होता. पंख्याचा करंट पातळ वायरीतून थेट इग्निशन स्विचमधून येत होता, फ्यूजही नाही. स्विचजवळचं कनेक्टर तपकिरी पडलं होतं. असल्या वायरिंगने गाडी पेट घेऊ शकते, आणि त्या गाडीत माझी मुलं बसतात.

बाकीचंही तसंच. टेंपरेचर स्विच नाहीच, पंखा चावीवर चालू. इंजिन गार झाल्यावर कॅप काढून टॉर्च मारला तर नळ्यांची एकच रांग, डबल कोअरचा पत्ता नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला, म्हणूनही बायपासवर काटा वर आला नव्हता. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जातं. आणि पंखा बसवला होता कोअरमधून आरपार घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिनांनी. कंपनाने अशा पिना पत्र्याला आणि नळीला घासत राहतात. दोन पिनांभोवती हिरवट डाग आलेच होते, म्हणजे गळती सुरू. पंखा लोखंडी पट्ट्यांवर, रेडिएटरच्या बाजूच्या फ्रेमला बसवायचा असतो.

काम करून घेताना प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ असलेलं पक्कं बिल मागा. जुना माल त्याच दिवशी ताब्यात घ्या. गाडी उचलण्याआधी गॅरेजच्या दारात इंजिन वीस मिनिटं जागेवर चालवायला लावा, आणि पंखा आपोआप सुरू-बंद होतोय का ते बघा. साधारण ९२-९५ अंशांना सुरू व्हायला हवा आणि काही अंश उतरल्यावर थांबायला हवा. अल्टरनेटर (इंजिनावर चालून गाडीची वीज तयार करणारा) किती अँपिअरचा आहे हेही विचारा. जुन्या गाड्यांत तो लहान असतो, आणि मोठा पंखा, हेडलाइट, हॉर्न हे सगळं त्याला आयडलिंगला झेपायला हवं. ‘आत्ता लाइट गेलीय, उद्या मीटर लावू’ असं कोणी म्हणालं तर उरलेले पैसे देऊ नका.

तक्रारीचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. पैसे यूपीआयने दिले होते, ते कामी आलं. क्लॅम्प मीटरचा आकडा, घासलेला पार्ट नंबर आणि रिलेच्या त्या दोन रिकाम्या पिना यांचे फोटो तक्रारीला जोडलेत.

गाडीचं काम दुसरीकडे पुन्हा करून घेतलं. तांब्या-पितळेचा नवा कोअर, पूर्ण श्राउड, फ्यूज आणि रिलेसह जाड वायर. मे महिन्यातल्या गर्दीतही काटा मध्यावरून हलत नाही. त्या जुन्या गॅरेजमध्ये याच किटसाठी एक जीप उभी असल्याचं कळलं, तेव्हा तिच्या मालकाचा नंबर शोधून फोन केला. उरलेले पैसे देण्याआधी मीटर लावून घेतो म्हणालेत, आणि मावसभाऊ त्यांच्याबरोबर जाणार आहे.