फायरफॉक्स, विवाल्डी, ब्रेव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

क्रोम ब्राउझर सोडायचं कारण एकच, यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी). क्रोमने एक्स्टेन्शनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ ही नवी नियमावली लागू केली, त्यात ते बसेना. त्याचं 'लाइट' रूप चालतं, पण त्यात तेवढा दम नाही. आणि जाहिरातींशिवाय मराठी बातम्या वाचायची एकदा सवय लागली की मागे फिरणं कठीण. तेव्हापासून घरच्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स, विवाल्डी, ब्रेव्ह हे तिन्ही ब्राउझर आलटूनपालटून वापरतेय.

आमची सोसायटी मुलुंडला आणि सध्या सेक्रेटरी मी. म्हणजे दोन जीमेल, एक माझं, एक सोसायटीचं, आणि दोन्ही दिवसभर उघडी. इथे फायरफॉक्सने मला जिंकलं. मोझिलाचंच 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' नावाचं एक्स्टेन्शन आहे. सोसायटीचा कंटेनर मी केशरी ठेवलाय. त्यातल्या प्रत्येक टॅबवर केशरी रेघ येते, पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे 'सोसायटी' असं दिसतं आणि तिथलं लॉगिन माझ्या टॅबला दिसतही नाही. त्या मेलमधली लिंक दाबली की तीही त्याच कंटेनरमध्ये उघडते. कोणी म्हणेल, क्रोममध्ये प्रोफाइल आहेत की! आहेत, पण प्रोफाइलची खिडकी वेगळी. इथे सगळं एकाच ओळीत, शेजारी शेजारी. थकबाकीची नोटीस पाठवताना केशरी रेघ बघायची आणि निर्धास्त सेंड दाबायचं.

विवाल्डी हे वेगळंच प्रकरण. ऑपेरा ब्राउझरवाल्यांनी २०१३ मध्ये स्वतःचं प्रेस्टो इंजिन (वेबपान पडद्यावर उभं करणारा ब्राउझरचा गाभा) सोडून क्रोमियम घेतलं, ज्यावर क्रोमही चालतो. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक, योन फॉन टेट्झनर, तोवर बाहेर पडले होते. पुढे त्यांनी विवाल्डी काढला. गंमत म्हणजे तोही क्रोमियमवरच चालतो. पण वरची सजावट मनासारखी करता येते, इतकी की पहिले काही दिवस कामापेक्षा सेटिंग्जमध्येच जास्त गेले. माझ्या उपयोगाचं म्हणजे टाइल. कंट्रोल दाबून दोन टॅब निवडायचे, राइट क्लिक करून टाइल करायचे, की डावीकडे मेंटेनन्सची शीट आणि उजवीकडे बँकेचं स्टेटमेंट. आमचे खजिनदार काका शेजारी बसून पावत्या वाचतात, मी टिक करत जाते. हे पहिल्यांदा बघून ते म्हणाले, "अगं, मग इतके दिवस खिडक्या कशाला ओढत बसायचीस?" टॅब फार झाले की मागचे टॅब 'हायबरनेट' करता येतात, मेमरी मोकळी होते. माउस जेश्चरची मात्र खोड लागते. उजवं बटण धरून डावीकडे ओढलं की मागचं पान. आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही हात तसाच ओढला जातो आणि अर्थातच काही होत नाही.

ब्रेव्ह फोनवर उत्तम, लॅपटॉपवर मला नकोसा. जाहिराती अडवायला वेगळं काही टाकावं लागत नाही, सिंहाच्या चिन्हावर बोट ठेवलं की काय काय अडवलं ते दिसतं. एखादी साइट बिघडली तर तेवढ्यापुरतं शील्ड, म्हणजे ही अडवणूक, खाली करायचं. लोकलमध्ये रेंज येत-जात असताना पान हलकं असलेलं बरंच. पण नव्या टॅबवर प्रायोजित चित्रं, शिवाय रिवॉर्ड्स, क्रिप्टो वॉलेट, लिओ नावाचा एआय. हे सगळं एकेक करून बंद करायला वेळ काढून बसावं लागतं. सिंकसाठी, म्हणजे फोन आणि लॅपटॉपवरचा ब्रेव्ह जुळवायला, खातं नाही, पासवर्डसारखी इंग्रजी शब्दांची लांबलचक माळ असते. अँड्रॉइडवर फायरफॉक्सही यूब्लॉक चालवतो, त्यामुळे ब्रेव्हवाचून अडतं असं नाही. कंटेनर मात्र तिथे मिळत नाहीत.

चेन्नईच्या झोहो कंपनीचा उला ब्राउझरही उघडून पाहिला. काम, वैयक्तिक, मुलं असे मोड आहेत, कल्पना चांगली. पण आतून तोही क्रोमियमच, आणि कंटेनरनंतर मला त्याची गरज वाटली नाही.

राहता राहिलं इंजिनाचं. क्रोम, एज, ऑपेरा, विवाल्डी, ब्रेव्ह सगळे क्रोमियमच्या एकाच कुळातले. या यादीत गेको हे वेगळं इंजिन चालवणारा फायरफॉक्स एकटा. आयफोनवर तर फायरफॉक्सही ॲपलच्या वेबकिट इंजिनावरच चालतो. साइट बनवणारे बहुतेकदा क्रोमवर तपासून मोकळे होतात आणि भुर्दंड फायरफॉक्सवाल्यांना. एका पोर्टलवर सोसायटीचा फॉर्म भरताना शेवटचं 'सबमिट' बटण फायरफॉक्समध्ये दबतच नाही. विवाल्डीत तोच फॉर्म सरळ गेला. म्हणून लॅपटॉपवर दोघंही ठेवलेत: रोजचं सगळं फायरफॉक्समध्ये, हिशोब आणि हट्टी पोर्टलं विवाल्डीत. ब्रेव्ह फोनवर आहे, लॅपटॉपवरून काढला.