फ्लोरेन्सहून तटबंदीची तीन गावे आणि शेतावरचे जेवण : एकाच सहलीच्या तीन खेपांनंतर

नोकरीनिमित्त आम्ही फेब्रुवारीपासून फ्लोरेन्सला राहत आहोत आणि भारतातून पाहुणे आले की त्यांना सिएना, मोंतेरिज्जोनी आणि सान जिमिन्यानो ही तटबंदीची तीन गावे एका दिवसात दाखवणाऱ्या बससहलीला नेणे, हा आमच्या घरचा परिपाठच झाला आहे. मार्चमध्ये सासूबाई आणि मामंजी, जूनच्या अखेरीस दीर आणि जाऊबाई, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझी मैत्रीण, अशा तीन खेपा झाल्या. कंपनी तीच आणि मार्गही तोच असला, तरी अनुभव तीनही वेळा निराळा आला. बस सकाळी साडेआठला निघते आणि रात्री आठच्या सुमारास परत येते. माणशी सुमारे शंभर युरो पडतात.

सिएनाचा भाग मार्गदर्शकावर फार अवलंबून आहे. मार्चमधल्या गृहस्थांनी काम्पो चौकात सनावळी घडाघडा म्हणून दाखवली आणि आम्हांला मोकळे सोडले. जूनमधल्या बाईंनी मात्र शिंपल्यासारख्या उतरत्या त्या चौकातल्या विटांच्या फरसबंदीचे नऊ भाग आमच्याकडून मोजून घेतले आणि मग सांगितले, की १२८७ ते १३५५ या काळात शहराचा कारभार नऊ जणांचे मंडळ पाहत असे, त्याची ती खूण आहे. २ जुलैच्या पालिओ शर्यतीसाठी चौकाच्या कडेने पिवळी माती नुकतीच टाकली होती, त्यामुळे शहरातल्या सतरा मोहल्ल्यांपैकी प्रत्येक वेळी दहांचेच घोडे धावतात आणि स्वार खोगिराशिवाय बसतात, हे सारे ऐकताना डोळ्यांसमोर उभे राहत होते. कॅथेड्रलचे तिकीट सहलीच्या दरात धरलेले नाही, हे जाहिरातीत फार बारीक अक्षरांत दिलेले आहे. आतली संगमरवरी चित्रांची फरशी वर्षातला ठरावीक काळच उघडी असते. मार्चमध्ये ती झाकलेली होती, ऑक्टोबरमध्ये पाहायला मिळाली. बाहेर मात्र एक गोष्ट बारमाही आणि फुकट दिसते, ती म्हणजे १३४८ च्या प्लेगनंतर अर्धवट राहिलेल्या विस्ताराची उंच, एकटी भिंत. सिएनात सारखे चढउतार आहेत आणि चालण्याचा वेग गटाचा असतो. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनी अर्ध्या वाटेवरच बाक धरला.

जेवणाविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण तक्रारीही तिथल्याच आहेत. ते द्राक्षमळ्यातल्या घरात लांब बाकांवर मिळते आणि एरवी खरोखरच चांगले असते. तोस्काना, म्हणजे फ्लोरेन्स आणि सिएना ज्यात येतात तो इटलीचा प्रांत, तिथला पाव बिनमिठाचा असतो. सोबतची इतर मंडळी त्यावर नाके मुरडत होती, पण भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरे घेवड्याचे दाणे आणि काळपट हिरव्या पानांचा कोबी पुन्हा उकळून केलेला दाट पदार्थ. सासूबाईंनी त्याला ‘यांचा कुस्करा’ असे नाव देऊन दोन वाट्या संपवल्या. त्यांचे पोट त्यावरच भरले हे बरे झाले, कारण आम्ही नोंदणी करताना शाकाहारी लिहिले होते तरी तो निरोप स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलाच नव्हता. पहिल्या ताटात कोंबडीच्या काळजाचे वाटण लावलेले पावाचे तुकडे आले आणि नंतरची पीची, म्हणजे हाताने वळलेली जाडजूड शेवईच म्हणा, मांसाच्या रश्शात होती. जूनमध्ये मी दोन दिवस आधी ईमेल करून पुन्हा कळवले, तेव्हा तीच पीची लसूण-टोमॅटोच्या रश्शात आली आणि ती त्या दिवसातली सर्वांत चवदार गोष्ट ठरली. कडक शाकाहारी मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावे : पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचे चीज असले, तरी ते विरजताना सहसा जनावराच्या जठरातले विकर वापरतात.

जेवणानंतर सान जिमिन्यानो, आणि येथे सहलीचे वेळापत्रक फसते. दुपारी तीनला मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि दीड तासातला बराचसा आइस्क्रीमच्या रांगेत जातो. श्रीमंत घराण्यांनी चढाओढीने बांधलेले बहात्तर मनोरे येथे होते असे सांगतात. आज त्यांतले चौदा उभे आहेत. मी औरंगाबादची असल्याने बावन्न दरवाजांची कहाणी ऐकतच मोठी झाले, त्यामुळे अशा आकड्यांवर मी बेताचाच विश्वास ठेवते. प्लेगनंतर गाव खचले आणि फ्लोरेन्सच्या ताब्यात गेले. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा हाती नव्हता, म्हणूनच एवढे तरी उरले.

मोंतेरिज्जोनीला जेमतेम चाळीस मिनिटे मिळतात, पण तिसऱ्या खेपेनंतर मला तेच सर्वांत जास्त आवडू लागले आहे. फ्लोरेन्सवर नजर ठेवण्यासाठी सिएनाने १२१३ ते १२१९ च्या दरम्यान बांधलेला हा कोट सुमारे ५७० मीटर घेराचा आहे आणि तो अजून सलग उभा आहे. आमच्या शहराची भिंत बहुतेक गेली आणि दरवाजे तेवढे राहिले, म्हणून मला त्याचे अधिक अप्रूप. इटालियन महाकवी दान्तेने आपल्या काव्यात नरकातल्या विवराभोवती उभ्या राक्षसांना याच बुरुजांची उपमा दिली आहे, आणि बस वळण घेऊन टेकडीखाली आली की ती पटते. त्यासाठी जाताना कोणत्या बाजूला बसायचे, हे चालकाला आधी विचारून घ्यावे.

एप्रिलमध्ये आत्या येणार आहेत. त्यांच्यासाठी याच सहलीची नोंदणी केली आहे, जेवणाचा ईमेल दोनदा पाठवला आहे, आणि सान जिमिन्यानोला त्यांना मुख्य रस्ता टाळून थेट तटाच्या कडेने न्यायचे ठरवले आहे.