नव्या लोअरिंग स्प्रिंगांच्या नावाखाली माझ्याच गाडीच्या स्प्रिंगा कापून मला विकल्या

माझ्याकडे २००७ सालची स्कोडा ऑक्टाविया आरएस आहे. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती आणि खंबाटकीच्या वळणांवर आजही मनापासून चालवावीशी वाटणारी ही गाडी जुनी झाली, तशी वळणावर थोडी जास्त झुकू लागली होती. म्हणून स्प्रिंगा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर दोन्ही बदलून गाडी साधारण ३० मिलिमीटर खाली घ्यायची, असे मी ठरवले. हे हौशी पोराचे खूळ नव्हते. आपल्याकडचे गतिरोधक लक्षात घेऊन त्याहून खाली जायचे नाही, हेही मी सुरुवातीलाच बजावले होते.

पुण्यातल्या एका मॉडिफिकेशन गॅरेजने मला सांगितलेला हिशेब असा होता: जर्मनीहून आयात केलेल्या चार लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा) २८,००० रुपये, त्यांना जुळणारे चार नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर ३४,००० रुपये आणि मजुरी ८,५०० रुपये, म्हणजे एकूण ७०,५०० रुपये. ४०,००० रुपये मी यूपीआयने आगाऊ दिले आणि उरलेले ३०,५०० रुपये, ‘कार्ड मशीन बंद आहे’ असे सांगून, रोख घेण्यात आले. कंपनीचे नाव छापलेल्या खोक्यात ठेवलेल्या स्प्रिंगांचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आले होते. खोके खरेच असावे. त्यातला माल माझ्या गाडीत कधी गेलाच नाही.

गाडी ताब्यात घेतानाचा तो क्षण मला अजून झोपू देत नाही. मी चाकाच्या कमानीत मोबाइलचा उजेड टाकला, तेव्हा स्प्रिंगेवर ताजा काळा रंग होता आणि तोच रंग तिच्या खालच्या रबरी बैठकीवरही उडालेला होता. कारखान्यातून रंगून आलेली स्प्रिंग रबरावर बसवल्यानंतर कोणी रंगवत नाही. मी विचारले, तर उत्तर आले, “गंज धरू नये म्हणून वरून एक हात मारलाय, साहेब.” मी जुन्या स्प्रिंगा मागितल्या. “त्या सकाळीच भंगारवाला घेऊन गेला.” ही दोन उत्तरे मी एकाच मिनिटात ऐकली आणि तरीही पैसे दिले. मात्र पुढच्या स्ट्रटमध्ये, म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या जोडणीत, बसलेली स्प्रिंग खाली कुठे कापली आहे, हे गाडी जमिनीवर उभी असताना कोणालाही दिसत नाही. माझ्या जागी वीस वर्षे गाड्या हाताळलेला माणूस असता तरी त्याला ते दिसले नसते. गाडी डोळ्यांदेखत खाली बसलेली होती. संशय घ्यायचा तो कशावर?

पहिल्याच गतिरोधकावर पुढून धाडकन आवाज आला, तेव्हा ‘नवीन आहे, बसेल’ असे मला फोनवर सांगण्यात आले. पुढे टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजले. अलाइनमेंटवाल्याने गाडी लिफ्टवर घेताच मागची स्प्रिंग बैठकीतून सुटली आणि त्याने ती दोन बोटांनी गोल फिरवून दाखवली. तिचे खालचे टोक ग्राइंडरने सरळ कापलेले होते आणि कापाच्या कडेला पोलाद तापून निळे पडले होते. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगेची मोकळी लांबी अशी ठरवलेली असते, की चाक पूर्ण खाली लोंबले तरी स्प्रिंग बैठकीत घट्ट राहते. कापलेली स्प्रिंग तशी राहत नाही. शिवाय वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा प्रवास आखूड होतो आणि तो बंप स्टॉपवर, म्हणजे प्रवासाच्या टोकाला धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळत राहतो. माझे ‘नवे’ शॉकअ‍ॅब्सॉर्बर तर माझेच जुने निघाले. पुसून रंगवलेले, आणि त्यांतल्या एकातून तेल गळत होते. मी हीच गाडी घेऊन कुटुंबासह घाट उतरलो होतो.

जुने सुटे भाग काम सुरू होण्याआधीच लेखी मागा आणि ते हातात पडल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. खोक्याचा फोटो हा पुरावा नव्हे. स्प्रिंगेवर छापलेला भाग क्रमांक गाडी लिफ्टवर असताना स्वतः वाचा.

यानंतर मी ज्यांच्या दारात गेलो, त्यांच्याविषयी लिहिताना शब्द आवरावे लागतात. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ एवढे एकच वाक्य मिळाले. माझ्याच स्प्रिंगा कापून नव्या म्हणून विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक नसेल, तर फसवणूक म्हणायचे कशाला? तक्रार नोंदवून घेतली नाही, तर वरिष्ठांकडे लेखी आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ती मला ठाण्यातल्या कोणी सांगितली नाही, मीच शोधून काढली. परिवहन कार्यालयात तर उलटे मलाच दटावले, की बदल तुम्ही करवलात, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे जबाबदार तुम्हीच. त्याच कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला पाच हजारांचा दंड आहे, तो लागू होत असेल तर मी भरतो. पण मग कापलेल्या स्प्रिंगा बसवून गाड्या रस्त्यावर सोडणाऱ्या गॅरेजकडे एकदा तरी फिरकून पाहणे हे कोणाचे काम आहे? ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर गॅरेजने उत्तरच दिले नाही आणि तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली. निकाल कसला लागला, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

आयात केलेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे. ते नसेल तर तिथूनच परत फिरा. ‘जीएसटी नको असेल तर कमी करून देतो’ असे कोणी म्हणाले, तर तुमचा पुरावाच तो कमी करत असतो, हे लक्षात घ्या. माझ्याकडे ३०,५०० रुपयांची पावती नाही. त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फुल पेमेंट मिळाले, धन्यवाद’ असा संदेश आहे आणि आज माझी सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

इतक्या जुन्या गाडीच्या मूळ स्प्रिंगा शोरूममध्ये मिळाल्या नाहीत. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून वापरलेला संच १४,००० रुपयांना घ्यावा लागला. दोन टायर १७,४०० रुपयांचे, चार शॉकअ‍ॅब्सॉर्बर २६,८०० रुपयांचे आणि पुन्हा बसवण्याची मजुरी ५,२०० रुपये. गाडी आता मूळ उंचीवर आहे. कापलेल्या चारही स्प्रिंगा दुसऱ्या गॅरेजच्या लेखी अहवालासह मी जपून ठेवल्या आहेत, कारण जिल्हा ग्राहक आयोगात सदोष मालाबाबत तज्ज्ञाचे मत मागितले जाते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. नव्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा खर्च मी मागितलेला नाही; मूळ ७०,५०० रुपये, टायर, स्प्रिंगा आणि मजुरी मिळून १,०७,१०० रुपयांची माझी मागणी दाखल आहे. पहिली नोटीस ‘मालक जागेवर नाही’ या शेऱ्यासह परत आली, तेव्हा गॅरेज उघडे होते आणि रॅम्पवर दुसऱ्या कोणाची तरी गाडी चढवलेली होती.