लिफ्ट केलेली जिम्नी, भटकणारं स्टिअरिंग आणि रंग मारलेला ‘नवा’ बॉक्स

जिम्नी किंवा थार घरी आली की पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच ती उंच करायची घाई हल्ली सगळ्यांना असते. हौस आहे, असू दे. पण उंच केलेली गाडी हायवेवर सरळ चालेनाशी झाली की तिच्यावर एक वेगळाच धंदा उभा राहतो. त्या धंद्याने मला व्यवस्थित सोललंय. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. युक्त्या मात्र सगळ्या सांगतो, त्या सगळीकडे सारख्याच चालतात.

गाडी 2023 ची पाच दारांची जिम्नी. पुण्यातल्या एका ऑफरोड सेटअपवाल्याकडून दोन इंचांची लिफ्ट बसवली: लांब स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि कंपनीच्या 195/80 आर 15 ऐवजी 215/75 आर 15 टायर. गावात, कच्च्या रस्त्यावर गाडी झकास. सातारा रोडला लागून सत्तरच्या पुढे गेलं की मात्र ती लाइन धरेना. ट्रक शेजारून गेला की एकदा इकडे, एकदा तिकडे. हात सतत कामाला.

एक फरक आधीच सांगून ठेवतो, कारण गॅरेजवाला मुद्दाम घोळ घालतो तो इथेच. गाडी ‘खेचते’ हे वेगळं आणि ‘भटकते’ हे वेगळं. खेचते म्हणजे नेहमी एकाच बाजूला जाते. तेव्हा टायर, हवा, अडकलेला ब्रेक बघायचा. पुढचे टायर डावे-उजवे बदलल्यावर खेचण्याची बाजू बदलली, तर दोष टायरचा. भटकते म्हणजे दोन्हीकडे जाते, मध्यावर स्टिअरिंगला वजनच लागत नाही, आणि वळण संपल्यावर हात सैल सोडला तरी चाकं आपणहून सरळ होत नाहीत. माझी गाडी हे दुसरं करत होती. मी गॅरेजात तसं सांगितलंही. कागदावर लिहिलं गेलं, ‘पुलिंग – अलाइनमेंट’.

अलाइनमेंटच्या बिलावर ओळ होती, ‘टो, कॅस्टर, कॅम्बर सेटिंग’. टो म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली, कॅम्बर म्हणजे चाक वरून किती आत-बाहेर कललेलं, आणि कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल. जिम्नीवाल्यांनी ही ओळ नीट वाचावी. या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. अलाइनमेंटच्या रॅम्पवर त्यात फक्त टो बदलतो. कॅस्टर फिरवायला कंपनीने काही ठेवलेलंच नाही; बुश (सांध्यातलं रबर), ब्रॅकेट किंवा आर्म (अ‍ॅक्सलला चॅसिसशी जोडणारा दांडा) बदलल्याशिवाय तो हलत नाही. म्हणजे रॅम्पवर ‘कॅस्टर सेटिंग’चे पैसे लावले असतील, तर न केलेल्या कामाचे लावलेत.

सोबत मशिनचा प्रिंटआउट दिला होता. सगळे आकडे हिरवे, कॅस्टरसुद्धा अगदी पुस्तकात शोभेल असा. गाडीचा नंबर माझा. पुढे नोटिशीसाठी कागद जुळवताना प्रिंटआउटच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे लक्ष गेलं: सकाळी 11:40. त्याच तारखेचा फास्टॅगचा मेसेज मोबाइलमध्ये होता, खेड-शिवापूर नाका, 11:34. गॅरेज चिंचवडच्या बाजूला. सहा मिनिटांत तिथे हेलिकॉप्टर पोचलं तर पोचलं. मी गाडी टाकली ती दुपारी. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचे आकडे आणि वर माझा नंबर टाइप केलेला. नंबरचा रकाना हातानेच भरायचा असतो, मशीन काही नंबरप्लेट वाचत नाही.

पुढची पायरी स्टिअरिंग डॅम्पर. “सर, टायर मोठे झाले ना, हेवी ड्यूटी डॅम्पर पाहिजेच.” साडेनऊ हजार. डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला आडवा लावलेला छोटा शॉकअप. खड्ड्याचा हिसका आणि थरथर तो गिळतो, एवढंच त्याचं काम. गाडीला सरळ चालवणं त्याच्या हातात नाही. उलट कडक डॅम्पर चाकांना परत मध्यावर येतानाही थोडं अडवतो. पण स्टिअरिंग जड लागतं, आणि जड म्हणजे घट्ट, घट्ट म्हणजे दुरुस्त, असं काही दिवस वाटत राहतं. विकणाऱ्याला तेवढे दिवस पुरतात.

त्यानंतर निदान आलं, “स्टिअरिंग बॉक्स गेला.” म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं दांड्यांपर्यंत पोचवणारी दात्यांची पेटी. चौतीस हजार पाचशे, ओरिजिनल म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर सीलबंद खोक्याचा फोटो आला. जुना बॉक्स परत मागितला, तर “तो स्क्रॅपवाल्याने नेला, सर.” त्याच दिवशी, गाडी गॅरेजच्या बाहेर पडायच्या आत! असा चपळ भंगारवाला अख्ख्या पुणे जिल्ह्यात नसेल.

गाडी हातात आली तेव्हा स्टिअरिंग टाइट, आणि आजवर किंचित डावीकडे वाकडं राहणारं व्हील एकदम नाकासमोर. हायवेवर गेल्यावर कळलं की आगीतून फुफाट्यात आलोय. आता स्टिअरिंग जिथे सोडावं तिथेच चिकटून राहत होतं. डावीकडे जरा वळवलं की परत उजवीकडे आपणच ओढायचं. वर डॅशबोर्डवर ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा. फोन केला तर मालक म्हणतो, “नवीन बॉक्स आहे सर, सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात.” हे वाक्य पाठ करून ठेवा. स्टिअरिंग बॉक्स म्हणजे कोल्हापुरी चप्पल नव्हे, वापरून वापरून सैल व्हायला.

खरा उलगडा झाला शिरवळजवळ, ट्रकच्या अ‍ॅक्सलची कामं करणाऱ्या एका शेडमध्ये. ट्रकवाल्यांना किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) आणि कॅस्टर रोजचे. मालक वयस्क, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मला सीटवर बसवलं. इंजिन चालू, चाकं जमिनीवर. “साहेब, स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवत राहा. जास्त नको, चार बोटं.” आणि स्वतः खाली आडवे. एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेले: ड्रॅग लिंकचं (बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) टोक, टायरॉड एन्ड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक), बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट, मग पॅनहार्ड रॉड. तिथे थांबले. मलाही खाली बोलावून दाखवलं. अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून जो आडवा रॉड असतो, त्याच्या एका टोकाचा रबरी बुश फाटला होता. स्टिअरिंग हललं की चाकं वळायच्या आधी अख्खा अ‍ॅक्सलच कणभर बाजूला जायचा.

जवळजवळ नवीन गाडीचा बुश का फाटावा? लिफ्ट बसवताना गाडी हवेत टांगलेली असतानाच बोल्ट आवळले होते. रबरी बुशचे बोल्ट नेहमी गाडी चाकांवर उभी करून शेवटचे कसायचे असतात. हवेत कसले की गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो, आणि पीळ बसलेलं रबर लवकर तुटतं. लिफ्ट करून घेणार असाल तर हे काम समोर उभं राहून बघा.

मग चाक जॅकवर घेऊन वरून-खालून धरून हलवलं. वर-खाली धरून खेळ लागला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचा. ब्रेकने खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन. डावीकडे-उजवीकडे धरून खेळ लागला तर टायरॉडचं टोक. माझ्या गाडीत या दोन्हीकडे काही नव्हतं. हे बघायला पाच मिनिटं लागतात आणि एक रुपयाचा पार्ट लागत नाही. पुण्यातल्या त्या एसी वेटिंग रूमवाल्या गॅरेजात हे कुणी केलं नव्हतं.

आता बॉक्स. मामांनी डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं त्यावरून फिरवलं आणि काळा रंग फडक्यावर आला. रंगाखाली तांबडी माती. दापोलीच्या रस्त्यांची ती माती त्या गाडीला आधीपासून होती. खालच्या कडेला दगडाचा ओरखडाही होता, माझ्या जुन्या फोटोतला. बॉक्स बदललाच नव्हता. स्प्रेचा डबा फिरवला होता, आणि वरच्या अ‍ॅडजस्टरच्या नटवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. हा स्क्रू आवळला की आतले दाते घट्ट बसतात, खेळ कमी झाल्यासारखं वाटतं. पण जास्त आवळला तर स्टिअरिंग मध्यावर परत येत नाही आणि बॉक्स खरोखरच खराब होतो. म्हणजे चौतीस हजारात माझा चांगला बॉक्स बिघडवायची सोय केली होती.

ईएसपीच्या दिव्याचं कारणही असंच. उंची वाढल्यावर ड्रॅग लिंकचा कोन बदलतो, अ‍ॅक्सल थोडा बाजूला सरकतो आणि स्टिअरिंग व्हील वाकडं दिसायला लागतं. ते सरळ करायचं ड्रॅग लिंकची लांबी जुळवून. इथे यांनी व्हीलच काढून सरळ करून परत ठोकलं. गाडीच्या संगणकाला मग चाकं एकीकडे आणि स्टिअरिंग दुसरीकडे असल्याचं कळतं, तो दिवा लावणारच.

मूळ दुखणं मात्र कॅस्टरचं. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडूनही सायकल सरळ जाते. मोटारीत तोच कल म्हणजे कॅस्टर. जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल दोन आर्मवर असतो, आर्मचं मागचं टोक चॅसिसला. चॅसिस उचलली की मागचं टोक वर जातं, आर्म नाकाकडे झुकतो आणि अ‍ॅक्सलही पुढे फिरतो. आर्म 75 सेंटीमीटरचा धरला आणि उचल 5 सेंटीमीटरची, तर शाळेतल्या त्रिकोणमितीने जवळपास 3.8 अंश जातात. कॅस्टर मुळातच काही मोजक्या अंशांचा असतो. मामांनी चुंबकाचा अँगल गेज लावला तेव्हा माझ्या गाडीत तो शून्याच्या आसपास उरला होता. हिरव्या प्रिंटआउटवरचा आकडा याच्या जवळपासही नव्हता.

इलाज साधा निघाला. आर्मला आडभोकाचे, म्हणजे भोक मध्यावर नसलेले, कॅस्टर बुश, लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड रॉड, ड्रॅग लिंक आणि टो जुळवणं, बॉक्सचा स्क्रू पूर्वीसारखा. स्टिअरिंग किती वळलंय ते संगणकाला सांगणाऱ्या अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. सगळं मिळून जितके पैसे गेले, त्याच्या दुप्पट त्या आधीच्या गॅरेजने मूळ दुखण्याला हात न लावता घेतले होते.

जाब विचारला तेव्हा मालकाचा आवाज बदलला. ‘सर’ गळालं. “लिफ्टच बेकायदा आहे. कंप्लेंट कुठे करणार? तुमचीच गाडी जमा होईल.” या धंद्याचं खरं भांडवल हेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत फेरफार चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठाम सांगितलं, आणि कलम 182अ मध्ये मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणून लोक गप्प बसतात. लिफ्ट विकताना हे कलम कुणी सांगत नाही, पैसे परत मागितले की तोंडपाठ येतं.

वकिलाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. फेरफाराची जबाबदारी माझी, ती जे काय होईल ते माझ्यावर. पण जुन्या पार्टला रंग मारून नव्याचे पैसे घेणं आणि दुसऱ्या गाडीचा रिपोर्ट माझ्या नावावर देणं ही सरळ फसवणूक आहे, लिफ्ट असो वा नसो. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठीच आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा 2019: दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सुरुवात 1915 या हेल्पलाइनवर झाली तरी चालते.

माझी बाजू तगली ती पुराव्यामुळे. बॉक्स पुसताना मामांच्या पोराने मोबाइलवर सलग व्हिडिओ काढला, आधीचा काळा रंग, मग माती, मग ओरखडा. मोठा पार्ट बदलायला गाडी टाकणार असाल, तर आदल्या दिवशी त्या पार्टवर न दिसेल अशा जागी सेंटर पंचचा (लोखंडावर खूण करायच्या टोकदार खिळ्याचा) एक ठिपका मारा आणि फोटो काढा. जुना पार्ट परत हवा, हे जॉब कार्डवर लिहून घ्या. आणि उंच केलेल्या गाडीसाठी कुणी डॅम्पर किंवा बॉक्स सुचवला, तर “आधी कॅस्टर किती आहे ते माझ्यासमोर मोजून सांगा,” एवढंच म्हणा. ज्याला काम येतं तो गेज काढतो. ज्याला येत नाही तो टायरच्या ब्रँडवर बोलायला लागतो.

वकिलाची नोटीस पोचल्यावर बॉक्सचे पैसे यूपीआयने परत आले, रिमार्कमध्ये ‘गुडविल’. डॅम्पर आणि अलाइनमेंटचं बिल अजून आयोगापुढे आहे, पुढची तारीख पडली आहे.